‘फिरंगी’ नावामागचे फ्रँक

मलकापूर-विशाळगड भागाचा शिवकाळ वाचताना ‘फिरंग’ तलवार भेटते. तिचं नाव थेट ऱ्हाईनकाठच्या फ्रँक टोळ्यांपर्यंत पोचतं. ते ‘फिरणे’वरून आलं म्हणावं, तर अरबी ‘इफ्रंज’ आणि फारसी ‘फरंग’ कुठून आले? आपल्याकडे ज्यांना ‘फिरंगी’ म्हणत ते पोर्तुगीज फ्रँक नव्हते, हे खरं. पण १०९६ नंतरच्या धर्मयुद्धांच्या काळात अरब पश्चिम युरोपातल्या सगळ्याच ख्रिस्त्यांना याच नावाने ओळखत.

‘फ्रँक’ नावाच्या मूळ अर्थावर मात्र वाद आहे. काही अभ्यासक ‘भालेवाले’ म्हणतात, काही ‘शूर, उग्र’. मला दुसरा अर्थ पटतो, कारण आपली फिरंग आणि युरोपातली ‘फ्रान्सिस्का’ कुऱ्हाड या दोन्ही शस्त्रांना लोकांवरून नाव मिळालं. सॅक्सन टोळ्यांचं नाव सुऱ्यावरून आलं असं मानतात, पण तेवढ्यावर फ्रँकांचा निकाल लागत नाही. ‘मुक्त’ हा अर्थ नंतरचा. तो आला, कारण फ्रँकांच्या राज्यात पूर्ण स्वतंत्र तेच होते.