वर्गातला कल्याणमित्र

अंगात ताप भरला की आपण पोराला लगेच दवाखान्यात नेतो. पण तेच पोर धड जेवत नाही, कुणात मिसळत नाही, वही उघडून नुसते बसून राहते, तेव्हा आपण म्हणतो, 'अभ्यास नको म्हणून नाटके करतो.' मनही आजारी पडते, हे आपल्या घरांत अजून बोलले जात नाही.

रसायनीच्या कामगार कुटुंबांना घरातली चिंता नवी नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या भरवशावर येथे कित्येक संसार उभे राहिले. २०१७ साली केंद्र सरकारने येथील एक प्रकल्प वगळता बाकीचे बंद करण्याचा निर्णय घेतला. बापाची नोकरी जाते तेव्हा तो घोर मुलाच्या दप्तरातही शिरतो. त्यात 'आम्ही राबलो, तू साहेब हो' हे ओझे. वर्गात कुणी 'तुम्हाला काय, सवलत आहे' असा टोमणा मारला, तर ते मूल घरी सांगत नाही. आईबापाला आणखी दुःख कशाला, असे त्याला वाटते. सांगितलेच तर शेजारी बसणाऱ्या मित्राला सांगते.

हे ओळखूनच जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना 'साथिया' म्हणून तयार करण्याची योजना आली. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक आणि प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थी यांच्यावर हे काम सोपवले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. हे सारे आपल्या मुलांच्या शाळेत आहे काय? पालकसभेत उभे राहून विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम साधे आहे. सोबत्याचे ऐकून घ्या, हसू नका, त्याचे बोलणे चव्हाट्यावर आणू नका. मात्र 'मला जगायचे नाही' असे कुणी म्हणाले, तर ते गुपित ठेवू नका. शपथ घातली असली तरी मोडा. त्याला एकटे सोडू नका, विश्वासाच्या शिक्षकाला किंवा घरच्यांना तत्काळ सांगा. १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही बोलता येते. तुम्ही डॉक्टर नाही. मोठ्यांपर्यंत नेऊन पोचवलेत की तुमचे कर्तव्य झाले.

आणि पालकांनो, मूल असा निरोप घेऊन आले तर त्याच्यावर खेकसू नका. कल्याणमित्र लाभणे म्हणजे श्रेष्ठ जीवनाचे अर्धे अंग, असे भिक्खू आनंद म्हणाले, तेव्हा तथागतांनी सांगितले की अर्धे नव्हे, ते संपूर्णच आहे. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांना बोलू द्या, आपण गप्प बसून ऐका. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले. शिकता शिकता आपले एकही लेकरू मनाने एकटे पडू नये, ही जबाबदारी आपली आहे.

जय भीम!