कवळी बसली, पण समाधान का नाही?

आज आमगावकडच्या घरांत ऐकू येणाऱ्या एका तक्रारीबद्दल बोलू: "आईला कवळी करून दिली जी, पण ती डबीतच पडून असते."

दरवेळी दोष कवळीचाच असतो असं नाही. बरेचदा अपेक्षाच चुकलेली असते. खरे दात हाडात रुजलेले असतात, पूर्ण कवळी मात्र नुसती हिरडीवर टेकते. त्यामुळे चावायचा जोर साधारण पाव हिश्श्यावर येतो. वरण-भात जमतो, सुपारी-खर्रा विसरा.

वरची कवळी लाळेच्या पातळ थरामुळे टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी, त्यात जीभ सारखी ढकलते. म्हणून "खालची हलते" ही तक्रार जगभर ऐकू येते.

मग करायचं काय? पहिले काही आठवडे मऊ खाणं, छोटे घास, दोन्ही बाजूंनी चावणं. बोलण्याच्या सरावासाठी मोठ्याने वाचा. टोचलं तर घरी कानशीने घासू नका, डॉक्टरांना दाखवा. अशा दोन-तीन फेऱ्या लागतातच, म्हणून कवळी गोंदिया-नागपूरला करणार असाल तर त्यांचा हिशेब आधीच धरा. रात्री ती काढून पाण्यात ठेवा. हिरडीखालचं हाड झिजत जातं, त्यामुळे काही वर्षांनी कवळी सैल होते आणि दुरुस्त करावी किंवा बदलावी लागते.

माप देण्याआधीच विचारा, "काय खाता येईल, काय नाही?" हे आधी कळलं, तर आई पहिल्या टोचणीलाच कवळी डबीत टाकणार नाही.