थंडीच्या पहाटे हवाशीत इंजिन चालू करणे : तेलाच्या हीटरचा उपयोग

मार्गशीर्ष-पौषात उत्तरेकडील थंड वारे वाहू लागले, की नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पहाटेचे तपमान झपाट्याने उतरते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याची नोंद झाली होती. अशा रात्री द्राक्षाचे बागाईतदार पहाटे बागेला पाणी सोडतात. विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते आणि ओली जमीन आपली ऊब वेलीजवळच्या हवेला देत राहते. हे पाणी सूर्योदयापूर्वीच्या दोन-तीन तासांत मिळाले तरच उपयोगी पडते. त्या वेळी शेतीच्या विजेची पाळी नसली, तर सारी भिस्त डिझेल इंजिनावर येते. नेमक्या त्याच प्रहरी इंजिन चालू होण्यास सर्वांत जास्त आढेवेढे घेते. उसाची गाडी पहाटे कारखान्याच्या रांगेत लावावयाची असलेल्या जुन्या ट्रॅक्टरधारकासही हाच अनुभव येतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे इंजिनाखाली गोवऱ्या पेटवून ठेवणे, अथवा रॉकेलमध्ये भिजविलेला पेटता बोळा हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरणे. पुष्कळदा यामुळे इंजिन चालू होते, आणि म्हणूनच ही रीत सुटत नाही. परंतु जुन्या इंजिनाच्या बुडाशी तेलाचा ओघळ, डिझेलचे थेंब, कडबा व पाचटाचा भुसा हे सर्व साचलेले असते. एखादी ज्वाळा डिझेलच्या रबरी नळीपर्यंत पोहोचली, तर इंजिनाबरोबर गोठा आणि त्यातील जनावरेही जातात. पेटत्या बोळ्याचा धागा आत ओढला गेल्यास तो झडपेत अडकतो. बंद खोलीत धुमसणाऱ्या गोवऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास वास नसल्याने माणसाला धोका कळण्यापूर्वीच ग्लानी येते. इंजिनास ऊब देणे ही कल्पना मात्र चुकीची नाही. चूक आहे ती उघड्या अग्नीची.

ऊब का लागते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा एकदम दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेने डिझेल पेटते. ज्या इंजिनात हवा सुमारे सतरा पट दाबली जाते, तेथे आत येणारी हवा ३० अंशांची असेल तर दाबाच्या शेवटी तिचे तपमान साधारण ४३० अंशांच्या आसपास जाते. तीच हवा ३ अंशांची असेल, तर ते ३७० च्या जवळपासच थांबते. आरंभीचा सत्तावीस अंशांचा फरक शेवटी साठ अंशांवर जातो. त्यात इंजिन हळू फिरले, की दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता थंड भिंती शोषून घेतात आणि तपमान आणखी घटते. इंजिन हळू फिरण्याचे मुख्य कारण म्हणजे थंडीने घट्ट झालेले वंगणतेल. बॅटरीचीही ताकद थंडीत कमी होते. शून्य अंशाजवळ ती सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. म्हणजे काम वाढते त्याच वेळी काम करणारा दुबळा होतो.

आता हवाशीत, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा प्रश्न वेगळा कसा, ते पाहू. आपल्या देशात या जातीच्या इंजिनांचा शेतीशी संबंध जुना आहे. जर्मनीतील आयशर कारखान्याने १९४८ पासून हवाशीत डिझेल ट्रॅक्टर बनविले. त्याच घराण्याचे ट्रॅक्टर १९५९ पासून फरीदाबाद येथे तयार होऊ लागले व पुढे ते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पोहोचले. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची हवाशीत इंजिनेही पंपावर व जनित्रावर चालतात. या इंजिनात रेडिएटर नाही, पाणी गळणे नाही, पाणी गोठणे नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पात्या असतात आणि पंखा त्यांवरून हवा फेकतो. वैशाखात या पात्या उष्णता बाहेर टाकून इंजिनाचे रक्षण करतात. पौषाच्या रात्री वारा त्याच पात्यांतून इंजिनाची उरलीसुरली ऊब काढून नेतो.

पाण्याच्या इंजिनाचा धनी सकाळी रेडिएटरमध्ये कढत पाणी ओततो व त्याचे काम भागते. कॅनडासारख्या थंड देशांत इंजिनाच्या पाण्यातच विजेचा हीटर बसविलेला असतो. तेथे मोटारीच्या पुढून लोंबणारा प्लग हे नेहमीचे दृश्य होय. हवाशीत इंजिनात पाणीच नसल्यामुळे हे दोन्ही मार्ग बंद आहेत. बाजारात मिळणारा पाण्यातील हीटर या इंजिनास निरुपयोगी आहे, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. येथे ऊब द्यावयाची ती तेलाला, आणि तेलामार्फत साऱ्या यंत्राला.

ही युक्ती फार कठीण परिस्थितीतून गेलेल्या लोकांनी वापरून पाहिलेली आहे. १९२० व १९३० च्या दशकांत कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यभागात छोटी विमाने टपाल व माणसे घेऊन बर्फावर उतरत. त्यांपैकी पुष्कळांची इंजिने हवाशीत होती. संध्याकाळी विमान उतरताच वैमानिक इंजिनातील गरम तेल डब्यात काढून घेत आणि तो डबा रात्रभर शेगडीजवळ ठेवीत. सकाळी इंजिनावर जाड कापडाची झूल टाकून तिच्या आत स्टोव्ह पेटवीत, इंजिन तापले की तेल पुन्हा ओतीत आणि मग ते चालू करीत. स्टोव्हजवळ सतत माणूस बसलेला असे, तरीही झुलीला आग लागून विमाने जळल्याचे प्रकार झालेच. उघड्या अग्नीऐवजी विजेची ऊब वापरणे हे त्याच अनुभवाचे फळ होय. आपल्याकडील थंडीत तेल काढून ठेवण्याचे काही कारण नाही. उलट उघड्या डब्यात धूळ जाऊन बेअरिंगांचे नुकसान मात्र होईल.

तेलाचे हीटर दोन-तीन प्रकारचे मिळतात. ऑइल चेंबरच्या बुडाशी कायमची चिकटविण्याची रबरी गादी हा सर्वांत भरवशाचा प्रकार समजावा. ती बसविण्यापूर्वी चेंबर घासून, तेलकटपणा पूर्ण काढून कोरडे करावे लागते. मेकॅनिक येथेच घाई करतात आणि महिन्याभरात गादी सुटून येते. दुसरा प्रकार लोहचुंबकाने चिकटणारा. तो सोयीचा आहे, पण चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर चिकटणारच नाही, म्हणून खरेदीपूर्वी साधा लोहचुंबक लावून पाहावा. तिसरा प्रकार तेल मापण्याच्या पट्टीच्या जागी आत सोडण्याच्या कांडीचा. तो स्वस्त असला तरी त्याची ऊब एका अरुंद जागी एकवटते व फार थोड्या तेलापर्यंत पोहोचते, म्हणून त्यावर फारसे अवलंबून राहू नये. पाणी तापविण्याचा रॉड तेलात सोडण्याचा विचार तर मनातही आणू नये. पाणी हलते आणि रॉडची उष्णता वाहून नेते. थंड घट्ट तेल जागचे हलत नाही. ते रॉडभोवतीच करपते, त्याचा कोळसा तेलाच्या वाटा बुजवितो, आणि आगीचा धोका राहतो तो वेगळाच.

किती वॅटचा हीटर घ्यावा व किती वेळ ठेवावा, याचा अंदाज हिशेबाने करता येतो. चेंबरमध्ये पाच लिटर तेल आहे असे धरले, तर त्याचे वजन साडेचार किलोच्या आत भरते. ते ५ अंशांवरून ३५ अंशांपर्यंत तापविण्यास १५० वॅटच्या हीटरला अर्धा तास पुरेल. परंतु तेलाबरोबर चेंबरचे व बुडाचे जड लोखंडही तापवावे लागते. त्यात आणखी पाऊण तास तरी जातो. बाहेर वाया जाणारी उष्णता धरली, तर दोन ते तीन तास लागतात. त्यात खर्च होणारी वीज अर्ध्या युनिटच्या आत असते. संध्याकाळपासून हीटर लावून ठेवण्यात काही लाभ नाही. पहाटे पाचला इंजिन हवे असेल तर दोनच्या सुमारास चालू होईल असा घड्याळी स्विच लावावा. ज्यांच्याकडे रात्री शेतावर वीज नसते, त्यांनी वीज जाण्यापूर्वीचे दोन-तीन तास साधावेत आणि इंजिन झाकून ठेवावे. लोखंड सावकाश निवते, त्यामुळे त्या उबेचा काही अंश पहाटेपर्यंत टिकतो.

झाकण्याचे हे काम हीटरइतकेच महत्त्वाचे आहे. खालची ऊब वर चढून पात्यांपर्यंत येते, आणि वारा लागू दिला तर तेथूनच उडून जाते. जाड घोंगडी किंवा दुहेरी गोणपाट इंजिनावरून थेट जमिनीपर्यंत सोडावे, मात्र त्याचा स्पर्श हीटरला होऊ देऊ नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे. अन्यथा पंखा गोणपाट ओढून घेतो, पात्यांचा वारा बंद होतो आणि थंडीतही इंजिन तापून जाम होते. या उबदार झाकणाखाली उंदीर घरटे करतात, हेही विसरू नये. दर चार-आठ दिवसांनी पंख्याच्या पत्र्याआड पाहून चिंध्या व काड्या काढून टाकाव्यात.

हीटर हे २३० व्होल्टचे उपकरण असून ते ओल्या जमिनीवर, लोखंडी यंत्राला लावले जाते. यास्तव तीन पिनांचा प्लग, खात्रीची अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर या तीन गोष्टींवाचून ते लावू नये. जोड दिलेली वायर गवतातून ओढू नये. इंजिनाचे हँडल मारण्यापूर्वी प्लग काढून वायर गुंडाळून ठेवावी. चालत्या पंख्यात वायर सापडणे हा प्रकार ऐकण्यास विचित्र वाटला, तरी अंधारात घडण्यास वेळ लागत नाही.

गावोगाव फिरणाऱ्या ग्रामसेवकांनी एक गोष्ट शेतकऱ्यांना स्पष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातील थंडीत, निफाडच्या काही पहाटा सोडल्यास, नीट राखलेल्या इंजिनाला हीटरची गरज पडू नये. इंजिन दर सकाळी अडत असेल तर प्रथम तेल पाहावे. तेलाच्या डब्यावरील अंकामागे असलेले डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्याआधीचा अंक जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. उन्हाळ्यात घातलेले एकेरी ४० क्रमांकाचे तेल पौषात घट्ट होते. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेस मान्य असेल तर १५ डब्ल्यू ४० सारखे तेल घालावे. त्यानंतर बॅटरीची टोके, हवेची गाळणी आणि डिझेल यांची तपासणी करावी. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची गाळणी तुंबण्याचे तपमान हिवाळी डिझेलात ६ अंशांपर्यंत, तर उन्हाळी डिझेलात १८ अंशांपर्यंत चालते. म्हणजे उन्हाळ्यात भरून पिंपात राहिलेल्या डिझेलातील मेण पहाटे गाळणीत अडकू शकते. इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते ते बहुधा यामुळेच. तेथे तेलाचा हीटर काही करू शकत नाही. रिंगा झिजलेल्या इंजिनाला हीटरने चार दिवस चालढकल करता येते, एवढेच. असे इंजिन दुपारीही रडत असेल, तर पैसा हीटरवर न घालता दुरुस्तीवर घालावा.

इंजिन उबले, म्हणजे ते सुरू करण्याची रीत नेहमीचीच. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून काही फेरे मोकळे द्यावेत, जादा इंधनाची कळ असल्यास दाबावी, वेग आला की खटका सोडावा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलटा झटका बसल्यास हात सुटून येतो, एरव्ही मनगट मोडते. सेल्फ असल्यास तो दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये व दोन प्रयत्नांमध्ये बॅटरीस मिनिटभर विसावा द्यावा. ईथरचा फवारा मारण्याचा मोह टाळावा. ज्या इंजिनात तापणारा ग्लो प्लग आहे, तेथे ईथर वेळेआधी पेटून पिस्टन व रिंगा मोडतात. इंजिन चालू होताच त्यावर भार देऊ नये. तेलाचा दाब आल्याची खात्री करून चार-पाच मिनिटे ते मंद चालू द्यावे. हवाशीत इंजिनात तापवावयाचे पाणी नसल्याने ते लवकर गरम होते, आणि पंप जोडण्यास फार वेळ थांबावे लागत नाही.

फाल्गुनात पहाटा उबदार झाल्या, की चुंबकी हीटर काढून, पुसून, वायर गुंडाळून उंदरांपासून दूर टांगून ठेवावा. चिकटविलेली गादी जागीच राहू द्यावी. फक्त तिच्या वायरीचे टोक प्लास्टिकमध्ये बांधून इंजिनाच्या गरम भागापासून बाजूला अडकवावे.