ठेकेदाराने कापले, भरायचे कोणी?

नाशिकची घंटागाडी महापालिकेची, पण तिच्यावरचा कामगार ठेकेदाराचा. सातपूर-अंबडच्या अनेक कारखान्यांतही तीच रीत. मग पगार कमी आला तर दार कोणाचं ठोठावायचं?

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 ने उत्तर दिलं होतं. पगार ठेकेदाराने द्यायचा. पण त्याने बुडवला किंवा कमी दिला, तर उरलेली रक्कम मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने वा महापालिकेने भरायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची. पगारवाटपाला मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, ही त्या कायद्यातली अट मला सर्वांत हुशार वाटते. ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची सोय उरत नव्हती. (खात्यात जमा झालेला पगार एटीएममधून काढायला लावून परत घेणाऱ्या ठेकेदारापुढे मात्र ही अटही लंगडीच होती!) 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, मूळ मालकाची जबाबदारी त्यांतही कायम आहे.

थकबाकी मिळाली म्हणून नोकरी मात्र पक्की होत नाही. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली, तरी कामगार आपोआप कंपनीचा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं. पगाराच्या तक्रारीत उपयोगी पडतात त्या वेतनचिठ्ठी, गेटपास आणि पासबुकातल्या नोंदी.