न काढलेलं कर्ज

दिवाळीच्या सुट्टीत नातू धाराशिवला आला, की त्याच्या पिशवीतून कपड्यांच्या आधी व्हिडिओ गेमचं यंत्र बाहेर येतं. परवा तो असाच खेळत बसला होता. पडद्यावर एक गुलाबी, गोलमटोल प्राणी समोर येईल ते गिळत सुटला होता. "आजोबा, हा किर्बी!"

मी विचारलं, "हे बनवतं कोण रे?"

"कंपनी."

सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान होत नाही. कंपनी म्हणजे कोण? कागदावर सही कुणाची? शोधत गेलो आणि एका माणसाची गाठ पडली. नाव सातोरू इवाता.

इवातांचा जन्म १९५९ सालचा, जपानच्या उत्तरेकडल्या साप्पोरो शहरातला. म्हणजे माझ्याच पिढीचा माणूस. शाळेत असताना त्यांना प्रोग्रॅम भरता येईल असा कॅलक्युलेटर मिळाला. त्याच्या इवल्याशा खिडकीत नुसत्या आकड्यांवर त्यांनी बेसबॉलचा खेळ रचला. पुढे टोकियोत शिकताना 'हॅल लॅबोरेटरी' या छोट्या कंपनीत ते फावल्या वेळी काम करू लागले आणि १९८२ साली तिथेच नोकरीला लागले. वडील एका शहराचे महापौर. मुलाने खेळ बनवण्याची नोकरी धरली म्हणून ते सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत! बँकेची ऑर्डर आल्यावर पेढे वाटणारे माझे वडील काही वेगळं वागले असते असं मला वाटत नाही.

निन्टेंडो कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी इवातांनी 'गोल्फ', 'बलून फाइट' असे खेळ लिहिले. त्या काळी यंत्राची स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी. ट्रंकेत सामान बसवताना आपल्या घरातल्या बायका जी युक्ती वापरतात, तीच इथे आकड्यांच्या बाबतीत वापरावी लागे. त्यात इवातांचा हात धरणारा विरळा.

पण माझी नजर अडली ती १९९२ सालावर. किर्बीचा पहिला खेळ बाजारात आला त्याच वर्षी हॅल कंपनी दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. डोक्यावर सुमारे दीडशे कोटी येनचं कर्ज. निन्टेंडोचे अध्यक्ष यामाउची यांनी मदतीची तयारी दाखवली, पण एक अट घातली. कंपनी इवातांनी चालवायची. १९९३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हा प्रोग्रॅमर अध्यक्ष झाला. कर्ज त्याने काढलेलं नव्हतं. फेडायचं मात्र त्याला होतं.

आजारी उद्योगांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. नवा साहेब आला की पहिली कात्री माणसांना लागते. इवातांनी आधी एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. पुढे दर सहा महिन्यांनी ते असं बसत. 'मदर २' हा रखडलेला खेळ मार्गी लावायला ते गेले तेव्हा म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, मुळापासून लिहू दिलंत तर सहा महिने. तो खेळ १९९४ साली बाजारात आला. सहा वर्षांत कर्जही फिटलं.

२००० साली ते निन्टेंडोत गेले आणि २००२ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी हात हलवत खेळावं असं 'वी' हे यंत्र २००६ साली त्यांच्याच कारकिर्दीत आलं. पुढे धंदा बसला तेव्हा, २०११ आणि २०१४ साली, त्यांनी स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला. नोकरी जाईल या धास्तीत बसलेला माणूस लोकांना आनंद देणारा खेळ कसा बनवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ११ जुलै २०१५ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने ते गेले.

हे वाचत असताना मला आपलं १९९३ साल आठवत राहिलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी उमरगा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. काही महिन्यांनी एक विशीतला पोरगा काउंटरवर आला. वडील त्या पहाटे गेले होते.

"साहेब, वडलांच्या नावावर किती हाय?"

मी बचत खात्याचं लेजर उघडलं.

"ते न्हवं. देणं किती हाय?"

मी त्याला सवलतीचं, अर्जाचं समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "बरं. पर किती हाय?"

तारण, जामीन, शिफारस असे रकाने मी आयुष्यभर भरले. हा प्रश्न लिहायला मात्र फॉर्मवर जागा नव्हती.

नातवाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. यंत्र बाजूला ठेवून त्याने विचारलं, "मग त्या दादाने किती फेडलं?"

"सगळं," मी म्हणालो. "दहा वर्षं लागली."