सर्वांत गरजू दहा

संगणकशास्त्र म्हटले की आम्हा कला शाखेच्या मंडळींच्या कपाळावर आठी पडते. पण प्रश्न आपल्या घरचाच घेऊ. समजा, आठ वर्गांतून शिष्यवृत्तीचे अर्ज आले आणि प्रत्येक वर्गाची यादी उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावली. त्यांतून सर्वांत कमी उत्पन्नाचे १० विद्यार्थी निवडायचे आहेत.

प्रत्येक यादीतले पहिले नाव उचलणे सोपे. पण एकाच वर्गात चौघे अत्यंत गरजू असले तर? असाच अन्याय 'ॲलिस'चा जनक लुईस कॅरॉल याने १८८३ मध्ये टेनिसच्या बाद सामन्यांत दाखवला होता. पहिल्याच फेरीत विजेत्याशी गाठ पडलेला उत्तम खेळाडू दुसऱ्या बक्षिसाला मुकतो!

गंमत अशी, की आपला उपायही बाद सामन्यांतच आहे. आठही याद्यांची फक्त पहिली नावे लढवा. ७ तुलनांत सर्वांत कमी उत्पन्न सापडते. ते नाव काढून त्याच्या जागी त्याच यादीतले पुढचे नाव ठेवा. आता सारे सामने पुन्हा नकोत. विजेता ज्या वाटेने वर गेला, त्या वाटेवरचे ३ पुरेत. दहा नावांसाठी ७ अधिक २७, म्हणजे ३४ तुलना. दर वेळी आठही नावे नव्याने ताडली तर ७० लागतील. अर्ज पाचशे असोत की पाच हजार, आकडा तोच. मला याचेच नवल वाटते.

मात्र याद्या खरोखर क्रमाने हव्यात. एखाद्या गरीब मुलाचा अर्ज चुकून शेवटच्या पानात खोचला गेला, तर या ३४ तुलनांत त्याचे नाव कोणाच्या नजरेसही पडणार नाही.