पिशवीवरील बारीक अक्षरे आणि शेतकऱ्याचा हक्क

बी चांगले तर पीक चांगले, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. तथापि ज्या पिशवीतून ते बी घरी येते, तिच्यावर व तिच्या पावतीवर बारीक अक्षरांत काय छापलेले असते, हे वाचण्याची सवय अद्याप आपणांस लागलेली नाही. ती नसल्याने केवढे नुकसान होते, हे दाखविण्यासाठी कोयनानगर भागातील एक अनुभव येथे देत आहे.

येथील एका वाडीतील शेतकऱ्याने जूनच्या आरंभी भाताचा तरवा टाकला. दहा-बारा दिवस झाले तरी रोप जागोजागी विरळच होते. तो विक्रेत्याकडे गेला. विक्रेत्याने पिशवीवरील दोन ओळी दाखविल्या. बियाण्याच्या किमतीपलीकडे कंपनीची जबाबदारी नाही, आणि वाद उद्भवल्यास तो दूरच्या शहरातील लवादाकडेच न्यावा, असा त्यांचा आशय होता. छापलेले म्हणजे कायदाच, असे समजून तो गृहस्थ मुकाट्याने परतला, तरवा मोडला व उसने बी आणून पुन्हा टाकला. लावणी लांबली, पीक निम्म्यावर आले. ही हकीकत प्रस्तुत लेखकाच्या कानी आली तेव्हा पंचनामा करावयास शेतात काहीच उरले नव्हते. बी सदोष होते की नव्हते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

लवादाचे कलम म्हणजे काय?

दोन पक्षांनी आपला वाद न्यायालयात न नेता त्रयस्थ व्यक्तीकडून सोडवून घ्यावयाचा, असा करार म्हणजे लवादाचे कलम होय. दोन्ही पक्ष तुल्यबळ असतील व समजून-उमजून सही करतील, तर त्यात वावगे काही नाही. परंतु एका बाजूस मोठी कंपनी व दुसऱ्या बाजूस दोन एकरांचा धनी असेल, आणि कलम पिशवीच्या कोपऱ्यात दडलेले असेल, तर ती संमती नावापुरतीच राहते.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत डिस्ने कंपनीच्या संकुलातील एका उपाहारगृहात जेवल्यानंतर 2023 साली एक महिला दगावली. पतीने दावा लावला असता कंपनीने असे म्हणणे मांडले की, या गृहस्थाने 2019 साली घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या सेवेचा नमुना म्हणून लाभ घेताना लवादाची अट मान्य केली होती. सबब मृत्यूचा हा दावाही लवादाकडेच जावा. लोकांत गहजब उडाल्यावर ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने ते म्हणणे मागे घेतले.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

आपल्या देशात शेतकऱ्याच्या बाजूचा महत्त्वाचा निर्णय 16 जानेवारी 2012 रोजी झाला. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध सदोष बियाण्याबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. निगमाच्या वतीने तीन मुद्दे मांडण्यात आले: शेतकरी हे ग्राहक नव्हेत; करारात लवादाचे कलम आहे; आणि बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला गेलेला नाही. न्यायालयाने हे तिन्ही मुद्दे अमान्य केले. उपजीविकेसाठी बी विकत घेणारा शेतकरी ग्राहकच होय. सर्व बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. आणि लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही.

या निर्णयात सावधगिरीची एक सूचनाही आहे. शेतकऱ्याने आपण होऊन प्रथम लवादाचा मार्ग पत्करला, तर मागाहून ग्राहक मंचाकडे जाण्याचा त्याचा हक्क धोक्यात येऊ शकतो. म्हणून कोणत्याही कागदावर, विशेषतः ‘माझे पूर्ण समाधान झाले’ अशा मजकुरावर, न वाचता सही करू नये.

सही केलेली प्रत्येक अट आपोआप रद्द होते, असेही कोणी समजू नये. 1996 साली एका मालवाहतूक कंपनीच्या प्रकरणात, सही केलेल्या कागदातील मर्यादित जबाबदारीची अट सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली होती. पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय झाली. तरीसुद्धा आधी वाचावे व मगच सही करावी, हेच उत्तम.

खरेदी व पेरणीच्या वेळी घ्यावयाची काळजी

1. पक्की पावती घ्यावी. तीवर वाण, लॉट क्रमांक, वजन, किंमत व विक्रेत्याची सही असावी.

2. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरची शिवण व खूणचिठ्ठी शाबूत राहते. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. पिशवी व मूठभर बी पीक घरी येईपर्यंत जपावे.

3. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहावी. प्रमाणित सोयाबीनचे किमान 70 दाणे उगवले पाहिजेत.

4. बी न उगवल्यास शेत मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांजकडे लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. तालुका तक्रार निवारण समितीच्या पाहणीचा पंचनामा हाच पुढे मुख्य पुरावा ठरतो.

न उगवलेले प्रत्येक बी सदोष असतेच असे नाही. आपल्या खोऱ्यात पाऊस दांडगा. वाफ्यात पाणी तुंबले किंवा बी खोल पडले, तर उत्तम बीही कुजते. याचा निवाडा पाहणीनेच होतो.

दाद कोठे मागावी?

पाटण तालुक्यातील शेतकऱ्यास साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पावतीवर अन्य शहराच्या न्यायालयाचे नाव छापलेले असले तरी, ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा 2019 च्या अधिनियमाने दिली आहे. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी. मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी पडत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 या दूरध्वनी क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे.

गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी खरिपापूर्वीच्या सभेत एक रिकामी पिशवी हाती घेऊन तिच्यावरील सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा व त्याचा अर्थ सांगावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्या वाडीतील शेतकऱ्यास हे कोणी सांगितले असते, तर तो तरवा मोडण्यापूर्वी आमच्याकडे आला असता.